फॅट बाइकवाल्यांना किलोमीटर विचारू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, त्यात त्यांनी हिवाळ्यातल्या फॅट बाइक राइडची मस्त खिल्ली उडवलीय. एवढे जाडजूड टायर लावायचे, एवढे कपडे चढवायचे आणि तीन तासात जेमतेम वीस किलोमीटर जायचं, त्यापेक्षा सरळ चालत गेलेलं काय वाईट, आणि हा सगळा निव्वळ शो आहे, असा एकूण सूर. वाचून हसू आलं, रागबिग काही आला नाही, बाहेरून बघणाऱ्याला ते तसंच दिसणार. पण त्याच्या आधी तुम्हीच त्या राइडची जी बातमी दिली होतीत त्यात ‘थरार’, ‘आव्हान’, ‘जिगरबाज’ असले सगळे शब्द होते आणि शेवटी पहिला कोण आला ते सुद्धा. म्हणजे एकाला ती हळू आहे म्हणून फालतू वाटते आणि दुसऱ्याला ती शर्यत वाटते म्हणून भारी, आणि दोघांचाही डोळा किलोमीटर आणि घड्याळावरच. म्हणून हे पत्र. जरा लांब होईल, कापायचं तर कापा, पण टायरातल्या हवेबद्दलचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

आधी त्या वीस किलोमीटरचं. गुडघ्याखाली भुसभुशीत बर्फ असताना तीन तासात वीस किलोमीटर चालून दाखवा असं मी म्हणणार होते पण जाऊ दे. मुद्दा असा आहे की बर्फातून ताशी सात-आठ किलोमीटर हा सायकलचा चांगला स्पीड आहे, ताजा बर्फ पडला असेल तर त्याच्याही खाली येतो, आणि चढावर तर उतरून ढकलावी लागते, ते प्रत्येकालाच लागतं, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी जगभर ‘ग्लोबल फॅट बाइक डे’ म्हणून ज्या राइड निघतात त्यातल्या बऱ्याच अशाच असतात, एकत्र निघायचं आणि एकत्र यायचं. (दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा, त्यामुळे तिथले लोक त्याच सायकली समुद्राच्या वाळूत घालतात, सायकलला काही फरक पडत नाही.)

आता हवा. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलच्या बारीक टायरात ८०-९० पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचावर तेवढे पाउंड दाब) हवा असते, माउंटन बाइकला २५ च्या आसपास. फॅट बाइकचा टायर रुंदीला ३.८ पासून ५ इंचापर्यंत, आणि त्यात हवा किती, तर दाबून पक्क्या केलेल्या ट्रेलवर ८ वगैरे, मऊ बर्फात ५, कधीकधी ४ सुद्धा. नवीन माणसाला वाटतं पंक्चर झालीय. हिशोब अगदी शाळेतला आहे, सायकल, माणूस आणि सामान मिळून १०० किलो धरा, म्हणजे साधारण २२० पाउंड, ९० पीएसआयला दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकणार अडीच चौरस इंचाच्या आतबाहेर, आणि ६ पीएसआयला तेच वजन पसरणार ३६-३७ चौरस इंचावर. टायरची स्वतःची भिंतही थोडं वजन उचलते त्यामुळे आकडा अगदी तंतोतंत येत नाही, पण फरक केवढा आहे ते कळतं ना. वाळूत उंटाचा पाय पसरतो आणि घोड्याचा खूर रुततो, तसंच हे. तेव्हा टायर जाड दिसतो तो मिरवायला नाही, एवढी कमी हवा ठेवून रिम खाली दगडावर आपटू नये म्हणून तो जाड लागतो. सायकलचं बाकी सगळं मग त्याच्यामागे रुंद होत जातं, रिम ६५ पासून १०० मिलिमीटरपर्यंत, मागचा हब (चाकाचा मधला भाग) १९७ मिलिमीटर, पेडलांमधलं अंतरही जास्त, पहिल्या दिवशी गुडघे जरा कुरकुरतात.

राइड सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं तुमच्या फोटोग्राफरने खरं म्हणजे टिपायला पाहिजे होती. सगळे जण आपापल्या चाकापाशी वाकलेले, ग्लव्ह दातात, व्हॉल्व्हच्या पिनवर नख, फुस्स फुस्स चाललंय, मग अंगठ्याने दाबून बघायचं, मग सीटवर छाती टाकून सायकलवर वजन द्यायचं आणि टायरच्या बाजूला बघायचं. बाजूच्या रबरावर बारीकशी तिरपी सुरकुती आली की झालं. सुरकुतीची घडी झाली तर जास्त सोडली, परत पंप मारा. आणि इथे एक पीएसआयचा फरक खरोखर कळतो, ६ ला रुतणारी सायकल ५ ला वर तरंगते. साध्या पंपावरचा मीटर १६० पर्यंतचा असतो, त्याच्यात ५ आणि ८ मधला फरक काट्याच्या जाडीतच जातो, म्हणून ० ते १५ वाला लो-प्रेशर गेज वेगळा ठेवावा लागतो. ग्रुपात असा एक गेज असला की तो सगळीकडे फिरतो आणि शेवटी कोणाच्या तरी खिशात घरी जातो.

घरात बसून हवा सेट करणाऱ्यांची तर हमखास फजिती होते. घरात २० डिग्रीला बरोब्बर ८ पीएसआय भरून ठेवलेली सायकल उणे १५ मध्ये बाहेर काढली की थोड्या वेळाने टायरात उरते ५.३ च्या आसपास, गळती वगैरे काही नाही, हवाच आकसते. गेज दाखवतो ते वातावरणाच्या दाबाच्या वरचं, खरा दाब ८ अधिक १४.७, आणि थंडीने त्या पूर्ण बेरजेच्या बारा टक्के जातात, गेजवर मात्र ते एक तृतीयांश दिसतं. रेसिंग टायरमध्येही हवा आकसतेच पण ९० मधले बारा-तेरा गेले तरी सायकल चालते. इथे मग पोहोचल्यावर लोक विचारत बसतात की माझी सायकल रस्त्यावर आपोआप एका बाजूला का ओढतेय. कमी हवेचा जाड टायर डांबरी रस्त्यावर तसाच वागतो, हॅण्डल वळवलं की ते आणखी वळायला बघतं. म्हणून बाहेर थोडा वेळ सायकल ठेवा, गार होऊ द्या आणि मग गेज लावा.

माझं म्हणणं एवढंच आहे की या राइडमध्ये कौशल्य म्हणतात ते इथे आहे, आणि ग्रुप सांभाळण्यात आहे. पायात दम असलेला कोणीही पुढे पळेल. पण पुढे पळून उपयोग काय, हिवाळ्यात थांबलेला माणूस पाच मिनिटात गार पडतो. पुढचे वीस मिनिटं कुडकुडत वाट बघणार, मागचा धापा टाकत पोहोचणार आणि तो पोहोचला की पुढचे लगेच निघणार, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती मिळत नाही. हे मी कितीतरी ग्रुपात बघितलंय. म्हणून चांगल्या राइडला पुढे एक जण वाट माहिती असलेला आणि सगळ्यात शेवटी एक जण अनुभवी, ज्याच्या मागे कोणी राहायचं नाही. शेवटच्याकडे पंप, ट्यूब, चेनची लिंक आणि जादा ग्लव्हज. फाट्यावर थांबायचं, दोन मिनिटं, आणि शेवटचा आला की त्याचा श्वास खाली बसल्यावरच हलायचं. ताज्या बर्फात पुढचा माणूस खरं तर सगळ्यांसाठी वाट दाबत असतो, त्याची दमछाक होते, म्हणून दर थोड्या वेळाने पुढचा बाजूला होऊन मागे येतो आणि दुसरा पुढे जातो, हे इतकं सहज चालतं की बोलावंही लागत नाही. त्या वाचक महाशयांना यायचं असेल तर जरूर यावं, जादा सायकल कोणा ना कोणाकडे असतेच, उंची तेवढी आधी कळवावी म्हणजे सीट लावून ठेवता येईल.

कपड्यांवरून पण त्यांनी टोमणा मारलाय. कपडे चढवण्यापेक्षा काढणं अवघड आहे हो. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे, तेव्हाच उबदार वाटत असेल तर पहिल्याच चढावर घाम येणार, आणि घामाने भिजलेला माणूस थांबला की संपलंच. आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक, सुती बनियन अजिबात नको, ते भिजतं आणि वाळत नाही. हातांसाठी हॅण्डलबारलाच बसवायची मोठी जाड कव्हरं मिळतात, त्यांना पोगी म्हणतात, त्यात हात सरकवले की आत पातळ ग्लव्ह पुरतो आणि ब्रेक, गियर नीट हाताला लागतात. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, मग तोंड मोकळं राहतं. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी वापरणाऱ्यांनी प्रत्येक घोटानंतर फुंकून पाणी परत आत ढकलायचं, नाहीतर अर्ध्या तासात नळीत बर्फाची कांडी. फोन आणि दिव्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी. यात कसला आलाय शो.

आता शर्यत. खरं सांगायचं तर ही सायकल मोठी झाली ती शर्यतीतच, ते लपवण्यात अर्थ नाही. बर्फातून सायकल चालवणं त्याच्याही आधीचं, १९०० साली सोन्याच्या शोधात निघालेला एड जेसन कॅनडातल्या डॉसनहून अलास्कातल्या नोमपर्यंत गोठलेल्या युकॉन नदीवरून कुत्र्यांच्या स्लेजने दाबलेल्या वाटेवर चक्क साध्या सायकलने गेला होता, तेव्हा कुठले फॅट टायर. पण १९८७ मध्ये अलास्कात इडिटाबाइक नावाची शर्यत सुरू झाली, इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेजशर्यतीच्या वाटेवर, आणि त्यात लोकांच्या लक्षात आलं की चालवण्यापेक्षा ढकलणंच जास्त होतंय. मग कोणी दोन रिम शेजारी शेजारी वेल्डिंग करून जोडल्या, कोणी त्यावर दोन टायर बसवले. फेअरबँक्सच्या सायमन राकोवरने ४४ मिलिमीटर रुंदीची स्नोकॅट रिम काढली, तेव्हा तीच प्रचंड वाटायची. तिकडे न्यू मेक्सिकोत रे मोलिना वाळूसाठी म्हणून त्याच्याही जवळजवळ दुप्पट रुंद रिम आणि टायर बनवत होता, ते अलास्काच्या मार्क ग्रोनेवाल्डने बघितलं आणि त्या मापाच्या फ्रेम करायला घेतल्या. म्हणजे बर्फवाल्यांचा प्रश्न सुटला तो वाळूवाल्याकडून, मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात आवडतो. मग २००५ मध्ये सर्ली कंपनीची पग्सली आली, ३.७ इंची टायरची, आणि दुकानात जाऊन विकत घेता येईल अशी सायकल झाली. त्यानंतर थेट दक्षिण ध्रुव, डिसेंबर २०१३ मध्ये मारिया लेयरस्टॅम जाड टायरच्या तीनचाकीवर पोहोचली आणि जानेवारी २०१४ मध्ये डॅनियल बर्टन दोन चाकांवर.

शर्यती अजूनही आहेत आणि त्या खऱ्या कठीण आहेत. अमेरिकेत मिनेसोटामध्ये जानेवारीअखेर अ‍ॅरोहेड १३५ होते, १३५ मैल, पारा उणे तीसच्या खाली जाऊ शकतो, आणि तिथे झोपायची बॅग, स्टोव्ह, आग पेटवायचं सामान बरोबर असणं सक्तीचं. ते लोक जिगरबाज, त्यांच्यासाठी तो शब्द राखून ठेवा. शनिवारी सकाळी हौसेने जमलेल्या शाळामास्तर, नर्स, रिटायर्ड काका आणि कॉलेजच्या पोरांना तो शब्द लावला की काय होतं सांगू का, पुढच्या वर्षी ज्यांनी यावं ते घाबरून येत नाहीत आणि ज्यांनी येऊ नये ते घड्याळ लावून येतात. मागच्या राइडला असे दोघं आले होते. शेवटच्या माणसाची वाट बघायला लागते म्हणून कटकट, आणि स्की करणाऱ्यांच्या वाटेतून आडवे घुसले.

या स्कीवाल्यांबद्दल बोललंच पाहिजे कारण त्यांची तक्रार खरी आहे. मशिनने सपाट केलेल्या ट्रेलच्या कडेला दोन समांतर खोल रेषा असतात, त्या क्लासिक (सरळ पुढे घसरत जायच्या) स्कीच्या, त्यावर चाक घालायचं नाही म्हणजे नाही. सायकलवाल्याने सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं, कारण स्कीवर उतारावरून येणाऱ्याला थांबणं अवघड. आणि मागे वळून आपल्या टायरची खूण बघायची, एक इंचापेक्षा खोल चर पडत असेल तर बर्फ अजून मऊ आहे, हवा आणखी सोडा, तरी पडत असेल तर मुकाट्याने घरी जा. बऱ्याच ठिकाणी ३.७ किंवा ३.८ इंचापेक्षा बारीक टायरला ट्रेलवर येऊच देत नाहीत ते याचसाठी. याच्याहून वाईट गोष्ट म्हणजे बुटांचे खड्डे. रुतल्यावर उतरून ट्रेलच्या मधोमध ढकलत चाललं की प्रत्येक पावलाला खड्डा, तो रात्री गोठून दगड होतो आणि सकाळी पहिला जो येईल तो त्यात तोंडावर आपटतो. ढकलायचं तर अगदी कडेने ढकलायचं. नवीन लोकांना कोणी सांगितलेलंच नसतं, त्यांचा दोष नाही, पण तुमच्या बातमीत ही एक ओळ आली असती तर ‘पहिला कोण’ पेक्षा कितीतरी उपयोगी पडली असती.

गोठलेल्या तळ्याबद्दल सुद्धा एक गैरसमज ऐकायला येतो. टायर रुंद आहे, वजन पसरतं, म्हणून तळ्यावर चालेल असं काही जणांना वाटतं. अजिबात नाही. मऊ बर्फात चाक रुतायचा प्रश्न असतो, तळ्यावर सगळी लादीच वाकून तडकायचा, तिथे टेकणारा भाग चार बोटं की चार इंच याने काही होत नाही. नुसत्या चालणाऱ्या माणसासाठीही स्वच्छ, घट्ट बर्फ किमान ४ इंच पाहिजे असं धरतात आणि ग्रुपने तर एकमेकांपासून लांब लांबच राहायचं. शिवाय उघड्या गुळगुळीत बर्फावर साधा फॅट टायर, हवा कितीही कमी करा, घसरतोच, तिथे खिळ्यांचे टायर लागतात, छोट्या कार्बाइडच्या टाचण्या असलेले. ते महाग पडतात म्हणून लोक टाळतात आणि मग मनगट मोडून घेतात.

राहता राहिला त्या पत्रातला शेवटचा मुद्दा, की फॅट बाइकवाली पोरं फुटपाथवरून सुसाट जातात. ती वेगळी गाडी आहे हो. छोट्या वीस इंची चाकांची, बॅटरीवर चालणारी, पेडल न मारता अंगठ्याने पळवता येणारी, नेदरलँड्समध्ये त्यांच्यावरून केवढा वाद चाललाय. युरोपात नियम २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मोटरची मदत असा आहे, तो तोडून त्या पळवल्या जातात, अपघात होतात, त्यावर जरूर लिहा, मी पण सही करते. टायर दोन्हीकडे जाड आहे म्हणून दोन्ही एकाच पट्टीने मोजू नका. आमच्या ग्रुपात मोटरवाली सायकल येते, पायाने पेडल मारावं लागणारी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक बाई आणतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही आणि थंडीने बॅटरी अर्ध्यात उतरली की सगळे आळीपाळीने ढकलतात, ती सायकल काय वजनदार असते विचारू नका.

एक शेवटची विनंती. पुढच्या राइडची माहिती तुम्ही छापणार असाल तर वेळ आणि जागेबरोबर एवढं छापा की टायर किमान ३.८ इंच, हेल्मेट सक्तीचं, घरून हवा भरून आलात तरी तिथे परत तपासायची, कोणालाही मागे सोडलं जाणार नाही, आणि वेळ नोंदवली जाणार नाही. आणि आदल्या दिवशी तापमान शून्याच्या वर जाऊन बर्फ चिखल झाला तर राइड रद्द होते, चिखलात घातलेली चाकं ट्रेलची वाट लावतात. तो निरोप आम्ही दुपारपर्यंत तुमच्या ऑफिसला कळवतो पण मागच्या वेळी तो आतल्या पानावर लग्नाच्या हॉलच्या जाहिरातीखाली गेला आणि लांबून आलेली माणसं सायकली गाडीला बांधून ट्रेलच्या गेटवर उभी होती, तेव्हा तो निरोप शक्यतो पहिल्या पानावर, हवामानाच्या चौकटीजवळ घ्याल का?

आपली नम्र,
एक सायकलवाली वाचक